करी रोडच्या गाळ्यातला सिरॅमिक इन्ले कोर्स, सहा रविवार पूर्ण केल्यावरचा अनुभव

शेवटची भांडी परवा हातात आली म्हणून आता लिहितोय. तिसऱ्या रविवारी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते आणि पाचव्या रविवारनंतर लिहिलं असतं तर दोन, त्यामुळे थांबलो ते बरं झालं. आता माझे साडेचार आहेत आणि अर्धा का कापला तेही खाली सांगतो.

आधी कोर्स कशाचा ते. मातीचं भांडं अर्धवट सुकलं की त्यावर नक्षी कोरायची, त्या खाचेत दुसऱ्या रंगाची पातळ माती भरायची, ती सुकली की वरचं जास्तीचं खरवडून काढायचं. म्हणजे नक्षी वरून रंगवलेली नसते, भांड्याच्या अंगातच बसलेली असते. क्लासमध्ये सगळे इन्ले म्हणतात, काही ठिकाणी मिशिमा हे जपानी नाव चालतं, मला मात्र पहिल्या दिवसापासून आपला कोंदण हाच शब्द डोक्यात बसला.

मी इकडे वळलो ते वडिलांमुळे. ते गिरणगावात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे, ३० वर्षं. आधी टाकी आणि हातोडीने ठिपका ठिपका करून, नंतर इलेक्ट्रिक मशीन आलं त्याने. लग्नातली ताटं, डबे, कळशा, कुणाकडून कुणाला आणि तारीख. शाळा सुटली की मी तिथेच बसायचो आणि स्टीलवर ती रेघ कशी उमटते ते बघायचो. त्यामुळे कोरलेली रेघ म्हटली की माझं लक्ष जातंच, आणि एकदा फोनवर कोरियातल्या जुन्या हिरवट बरणीचा फोटो दिसला, तिच्यावर पांढरे सारस पक्षी, आणि खाली लिहिलेलं की हे रंगवलेलं नाही, कोरून भरलेलं आहे, तेव्हापासून हे शिकायचं हे पक्कं झालं.

गेल्या वर्षी दुसरीकडे एक दिवसाचं वर्कशॉप केलं होतं, नाव घेत नाही. तिथे आम्हाला आधीच पूर्ण वाळलेले मग हातात दिले, कोरा म्हणाले, भरा म्हणाले, आणि तीन आठवड्यांनी मग मिळाला तेव्हा अर्धी नक्षी खाचेतून पोपडे सुटावेत तशी निघालेली होती. विचारलं तर म्हणे हॅंडमेडमध्ये असं होतंच. तसं होत नाही. चुकीच्या वेळी भरलं की होतं, आणि हे का होतं ते मला इथे पहिल्याच रविवारी समजलं, म्हणून या कोर्सबद्दल एवढं मनापासून लिहितोय.

पहिल्या रविवारी भांडं नाहीच. फक्त पाच टाइल्स, तळहाताएवढ्या. पाचही टाइल्सवर सारखीच खाच कोरायची पण भरायची वेगवेगळ्या वेळी. एक माती अगदी ओली असताना, एक तासाभराने, एक चामड्यासारखी घट्ट झाल्यावर, एक कडा पांढरट दिसायला लागल्यावर आणि एक पूर्ण वाळलेली (ही शिकवणाऱ्या ताईंनी आठवड्याभरापूर्वीच करून ठेवलेली होती). प्रत्येकीच्या मागे वेळ लिहायची. पहिलीत कोरतानाच कडा वर आल्या आणि रेघ फेंगडी झाली. तिसरी बरोबर. पाचवीत स्लिप, म्हणजे ती भरायची पातळ माती, भरल्या भरल्या वाळलेल्या मातीने पाणी शोषून घेतलं, आम्ही चहा पिऊन येईपर्यंत रेघेच्या दोन्ही बाजूंना केसासारखी फट, आणि नख लावलं तर अख्खी रेघ दोऱ्यासारखी बाहेर. हेच गेल्या वर्षी माझ्या मगचं झालं होतं.

कारण साधं आहे. माती वाळताना आकसते. भांडं आकसून झालेलं असेल आणि आत भरलेली माती अजून आकसायची बाकी असेल तर ती कडेपासून सुटणारच. म्हणून दोघी बरोबरीने आकसल्या पाहिजेत आणि त्यासाठी भरायची स्लिपसुद्धा शक्यतो भांड्याच्याच मातीची करायची, तीच माती वाळवून, फोडून, पाण्यात भिजवून, बारीक जाळीतून गाळून आणि मग त्यात रंगाचा स्टेन किंवा ऑक्साईड. ताईंनी प्रत्येकाला एका मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारून भट्टीत टाकायला लावली. माझी शेवटच्या भट्टीतून आली तेव्हा ८.८ भरली, म्हणजे १२ टक्के गेलं. हा आकडा ऐकला असता तर विसरलो असतो, पट्टीने मोजला म्हणून विसरणार नाही.

आमच्या बॅचमधल्या गिरगावच्या काकूंनी या बरोबर वेळेला एकदम नेमका शब्द दिला. म्हणाल्या, अहो हे नारळाच्या वड्यांसारखं आहे, गरम असताना कापल्या तर पसरतात, गार झाल्यावर कापल्या तर भुगा, मधली पाच मिनिटं तेवढी आपली. त्यानंतर सहा आठवडे क्लासमध्ये कुणी लेदर हार्ड म्हणालंच नाही, वडी झाली का, असंच विचारायचे सगळे. ताईसुद्धा.

आणि जून-जुलैच्या मुंबईत ही वडी काही केल्या लवकर होत नाही. बाहेर धो धो पाऊस, गाळ्यात पंखा पण सरळ पंख्याखाली ठेवलं तर काठ आधी सुकतो आणि बूड ओलं राहतं, मग तडा. इथे काम सांभाळणारे एक काका आहेत, धारावीच्या कुंभारवाड्यातले, सौराष्ट्रातून येऊन तिथे वसलेल्या कुंभारांच्या घरातले, त्यांचा हात म्हणजे काय सांगू. आठवडाभर आमची सगळ्यांची भांडी तेच सांभाळायचे, रोज संध्याकाळी प्लास्टिक उघडायचं, थोडी हवा द्यायची, परत गुंडाळायचं, कुणाचं जास्त सुकत असेल तर आत ओलं फडकं. रविवारी आम्ही पोचायचो तेव्हा भांडं कोरायला तयार. बोटाने टिचकी मारून आवाजावर सांगायचे, हे आत्ता घ्या, हे चहानंतर. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या माणसाला इन्ले शिकवायचं तर असा माणूस मागे असल्याशिवाय शक्यच नाही असं माझं स्पष्ट मत झालंय, दुसरीकडे कुठे असा क्लास बघत असाल तर फी विचारायच्या आधी हे विचारा की आठवडाभर माझं भांडं बघणार कोण.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी प्रत्यक्ष वाडगे. जाडी जरा जास्तच ठेवायची, ६-७ मिलिमीटर, कारण खाच दीड-दोन मिलिमीटर जाते आणि नंतर खरवडताना अजून थोडं जातं. कोरायला महागडी हत्यारं नाहीत, लायनोकटची पाती, तारेची वळलेली टोकं आणि एक जाड दाभण. दाभणाने नुसती चीर पडते, ती वरून दिसते पण आत माल बसायला जागा नसते, इंग्रजी यू सारखी खाच पाहिजे, तळ थोडा रुंद. इथे माझा हात लगेच चालला, वडिलांच्या शेजारी बसून बघितलेलं कुठेतरी मुरलेलं असणार. ताई म्हणाल्या, दादा तुम्ही रेघ ओढत नाही, ढकलता, असंच करत राहा.

भरायचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. स्लिप बासुंदीएवढी दाट, ब्रशने खाचेत दाबून भरायची, अर्ध्या तासात ती खाली बसते आणि खड्डा दिसायला लागतो, परत भरायची, परत बसते, तीनदा भरल्यावर ती भांड्याच्या पातळीच्या वर थोडी फुगून राहते. या वेळी भांडं बघवत नाही. सगळीकडे काळे डाग, नक्षीचा पत्ता नाही. माझ्या शेजारची पार्ल्याची कॉलेजची मुलगी रडवेली झाली होती की मी सगळी पानं बुजवून टाकली.

मग खरवडणं. पातळ पत्र्याची अर्धगोल पट्टी असते, ती जवळजवळ आडवी धरून एकाच दिशेने, अगदी हलका हात. पहिल्या फेरीत नुसता चिखल सरकतो. दुसऱ्या फेरीत काळ्यातून खालची भुरी माती डोकवायला लागते. आणि मग पट्टीच्या मागे एकदम रेघ येते, स्वच्छ, धारदार, जशी कोरली होती तशीच, कडेला एक थेंब पसरलेला नाही. त्या मुलीची पानं एकेक करून बाहेर यायला लागली तेव्हा आम्ही सगळे आपापली कामं सोडून तिच्या टेबलाशी उभे होतो. पट्टी दर वेळी पुसायची, नाहीतर काळ्याचा ओरखडा भुऱ्यावर जातो आणि तो मग निघत नाही. आणि शेवटची परीक्षा, डोळे मिटून रेघेवरून नख फिरवायचं. नख कुठे अडलं तर काम बाकी.

एक गोष्ट ताई अजिबात चालवून घेत नाहीत, पूर्ण वाळलेलं भांडं पॉलिश पेपरने घासणं. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसली की बाहेर येत नाही, आणि बंद गाळ्यात दहा माणसं. त्यामुळे खरवडायचं ते ओलसर असतानाच, टेबल झाडायचं नाही, ओल्या स्पंजने पुसायचं, आणि रंगाची पावडर मिसळताना मास्क. गेल्या वर्षीच्या त्या वर्कशॉपमध्ये आम्ही खुशाल घासत बसलो होतो.

चौथा रविवार मला सगळ्यात जास्त आवडला आणि तो क्लासमध्ये नव्हताच. ताईंनी सगळ्यांना भायखळ्याला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमला बोलावलं. १८७२ साली उघडलेलं हे म्युझियम, मी लहानपणी शाळेच्या सहलीत गेलेलो, तेव्हा मुंबईचे नकाशे आणि मातीची माणसं बघून आलो होतो. या वेळी ताई म्हणाल्या, वर छताकडे नंतर बघा, आधी खाली बघा. खाली मिंटनच्या फरशा. इंग्लंडमधली कंपनी, आणि अशा नक्षीच्या फरशा म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेलं इन्लेच, साच्याने ओल्या मातीत नक्षीचा खड्डा पाडायचा, त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, सुकली की वरून खरवडायचं. युरोपात मठांच्या आणि चर्चच्या फरशांसाठी १३व्या शतकात हे जोरात होतं, मग मागे पडलं, १८३०ला इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट झालं आणि मिंटनने ते कारखान्यात आणलं. एवढी वर्षं लोकांच्या चपला घासल्या तरी अशी नक्षी का टिकते, तर रंग वर नाहीच, फरशी झिजली तरी खाली तीच नक्षी आहे. मी उकिडवा बसून बराच वेळ बघत होतो, सिक्युरिटीवाल्याने विचारलं काही पडलं का. मुंबईकरांनी पोरांना घेऊन एकदा तरी या जागी खाली बघायला जावं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९व्या शतकात केलेली भांडीही तिथे ठेवली आहेत, तीही बघा, त्यात काहींवर अजिंठ्याची चित्रं आहेत.

तिथेच बाहेर बागेत बसून ताईंनी कोरियाचं सांगितलं. तिकडे याला सांगाम म्हणतात, गोर्यो राजांच्या काळात, १२व्या शतकात हे काम शिखरावर होतं, पांढरी माती आणि भाजल्यावर काळी होणारी माती भरायची आणि वर सेलाडॉन नावाचं हिरवट ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर. मी फोनवर पाहिलेली सारसांची बरणी तीच, सोलच्या कान्सोंग म्युझियमची. पुढे १५९२ला जपानने कोरियावर स्वारी केली आणि परतताना तिथल्या कुंभारांना धरून नेलं, आणि ही कला जपानमध्ये गेली. मिशिमा नावाचं कारण असं सांगतात की तिथल्या मिशिमाच्या देवळाचं पंचांग निघायचं, बारीक अक्षरांच्या उभ्या ओळी, आणि या भांड्यांवरच्या बारीक रेघा तशा दिसायच्या. धरून नेलेल्या कारागिरांच्या कामाला दुसऱ्याच गावाच्या पंचांगाचं नाव, हे ऐकून वाईट वाटलं, तेव्हापासून मी तरी सांगाम म्हणतो.

पाचव्या रविवारी मेणाची पद्धत. भांड्यावर पातळ मेण लावायचं, ते सुकलं की मेणातूनच दाभणाने कोरायचं, रंग फिरवायचा आणि ओल्या स्पंजने पुसायचं, मेणावरचा रंग निघून जातो आणि खाचेत तेवढा राहतो. अगदी केसाएवढ्या रेघा होतात, अक्षरं लिहायला उत्तम. रुंद आकारांना मात्र ही पद्धत नको, स्पंज खाचेत शिरतो आणि रंग ओढून काढतो.

आता अर्धा स्टार. पाचव्या रविवारनंतर पहिल्या वाडग्यांची ग्लेझ भट्टी लागली आणि माझे दोन वाडगे दुधाळ होऊन आले. खालची नक्षी धुक्यातून लोकल दिसावी तशी. पारदर्शक ग्लेझ जाड बसलं की असं होतं, ते मला माहीत नव्हतं आणि ग्लेझमध्ये बुडवायचं काम आमच्याऐवजी स्टुडिओने केलं होतं, घाईत. तीन आठवड्यांचं काम होतं, मला खरंच लागलं. मी ताईंना तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी कारणं दिली नाहीत, चूक आमची म्हणाल्या, सहाव्या रविवारी दोन तास जास्त थांबून प्रत्येकाला स्वतः बुडवायला शिकवलं, तीन सेकंद मोजून, आणि माझ्या नव्या वाडग्याची भट्टी फुकट करून दिली. पण ग्लेझ हा कोर्सचा भाग पहिल्यापासूनच असायला हवा, शेवटच्या दिवसावर ढकलायला नको. दुसरं म्हणजे भट्टीची तारीख सांगतात आणि पाळत नाहीत, दहा दिवस म्हणाले की अठरा धरा. पावसात भांडी सुकत नाहीत हे खरं, पण एक मेसेज टाकायला काय जातं.

आणखी एक, ज्यांना तो कोरियन हिरवा रंगच पाहिजे त्यांनी आधीच समजून घ्या की तो इथे मिळणार नाही. तो रंग ग्लेझमधल्या थोड्याशा लोखंडामुळे येतो आणि भट्टीत हवा कमी करून जाळ द्यावा लागतो. इथली भट्टी इलेक्ट्रिक आहे, त्यात तेच ग्लेझ मधासारखं पिवळसर येतं. ताईंनी हे पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं ते मला आवडलं. कच्ची भाजणी १००० अंशांच्या आसपास आणि ग्लेझची १२२०च्या पुढे, भांडी रोज वापरायला पक्की आहेत, मी त्यात आमटी घेतोय.

फी ९,५०० रुपये, त्यात माती, हत्यारं आणि चार भांड्यांपर्यंत दोन्ही भाजण्या. स्वस्त नाही, पण सहा आठवड्यांचं सांभाळणं धरलं तर मला जास्त वाटली नाही. बॅच दहाची, मला आठ बरी वाटली असती, टेबलावर कोपर लागतात. जागा करी रोड स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसरा मजला, लिफ्ट मालाची आहे आणि रविवारी बंद, गुडघ्यांचा त्रास असेल तर विचार करा. रविवारी मेगाब्लॉक असला की बऱ्याचदा स्लो गाड्या करी रोडला थांबत नाहीत, परळला उतरून चालत या. नखं कापून या, अंगठ्या घरी ठेवा. एका दिवसात मग घेऊन घरी जायचं असेल तर हा कोर्स तुमच्यासाठी नाही.

माझा शेवटचा वाडगा वडिलांसाठी होता. आमच्या घरी एक पितळी डबा आहे, त्यावर त्यांनीच टाकीने घातलेली आईबाबांच्या लग्नाची तारीख, ठिपक्या ठिपक्यांची, १४-५-७८. त्या डब्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने अक्षरं उतरवून घेतली आणि मेणाच्या पद्धतीने वाडग्याच्या काठाखाली एकेक ठिपका कोरला, काळा भरला. ८४ ठिपके. परवा संध्याकाळी त्यांच्या हातात दिला. आता त्यांना बारीक दिसत नाही, त्यांनी सवयीने अंगठ्याचं नख तारखेवरून फिरवलं. परत फिरवलं. मग मला विचारलं, अरे, खाच कुठाय? मी म्हटलं भरली बाबा. वाडगा खिडकीकडे धरून ते बराच वेळ बघत बसले आणि मग विचारलं, माती कसली भरली, कधी भरली, ओली असताना की सुकल्यावर.

पुढची बॅच गणपतीनंतर आहे. मी वाडगे सोडून बरण्यांसाठी परत नाव दिलंय आणि एका रविवारी बाबांना घेऊन येऊ का विचारलंय, ताई हो म्हणाल्या आहेत.